कमरेतले स्क्रू-रॉड: शेजारच्या मणक्याच्या बाजूने एक आढावा

पेडिकल स्क्रू (मणक्यात मागच्या बाजूने घालायचे स्क्रू) आणि रॉडचा सेट कुणी दाखवायला बसलं की पहिली गोष्ट सांगितली जाते ती पकडीची. पकड चांगली असते, त्यात वाद नाही. टायटॅनियमचे चार स्क्रू आणि दोन रॉड एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या सांध्याची, हालचाल जवळपास संपवतात आणि गादीच्या जागी बसवलेल्या केजभोवतीचं (पोकळ ठोकळ्याभोवतीचं) हाड जुळेपर्यंत ती संपलेली ठेवतात. इथे मात्र गुण द्यायचे आहेत ते वेगळ्या कसोटीवर: जो मणका बांधलाच नाही, त्या वरच्या एल३-एल४ चं पुढे काय होतं?

आधी डब्यात काय येतं ते पाहू. एका पातळीच्या शस्त्रक्रियेला चार पॉलीअॅक्सियल स्क्रू लागतात, म्हणजे ज्यांचं डोकं सगळीकडे वळतं असे. कमरेत साधारण ६.५ मिमी जाडीचे आणि ४० ते ५० मिमी लांबीचे. त्यांच्या डोक्यात बसणारे चार सेट स्क्रू, ५.५ किंवा ६ मिमी व्यासाचे दोन रॉड, आणि गादी काढून तिच्या जागी बसवायचा ८ ते १४ मिमी उंचीचा एक केज. केजमध्ये आणि भोवती रुग्णाच्याच हाडाचा चुरा भरतात. स्क्रू-रॉड हा तात्पुरता टेकू आहे, खरं काम हाड करतं. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर हाड जुळणं आणि धातू थकणं यांची शर्यत चालू असते. हाड जुळलंच नाही, तर आज ना उद्या स्क्रू ढिला होतो किंवा रॉड तुटतो.

आता हालचालीचा हिशोब. पुढे वाकणं आणि मागे झुकणं धरून कमरेच्या पाच सांध्यांची पाठ्यपुस्तकातली सरासरी अशी: एल१-एल२ ला १२ अंश, मग १४, १५, १६ आणि सर्वांत खाली एल५-एस१ ला १७ (एस१ म्हणजे कमरेखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका). एकूण ७४. एल४-एल५ बांधला की १६ गेले, ५८ उरले. एल४ पासून एस१ पर्यंत बांधलं की ३३ गेले, म्हणजे कमरेचं निम्म्याहून थोडं कमी वाकणं एका दिवसात बंद. सर्वांत जास्त वाकणारे हे दोनच सांधे, आणि झिजतातही तेच सर्वांत जास्त. म्हणूनच शस्त्रक्रियाही बहुतेक वेळा तिथेच होते.

गेलेले अंश कुठून भरून निघतात, यावर सगळा वाद आहे. काही खुब्यातून येतात, काही वरच्या सांध्यांतून, आणि काही भरून निघतच नाहीत, माणूस कमी वाकतो. ज्याचे खुबे मोकळे आहेत आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले नाहीत, त्याच्या एल३-एल४ वर ताण कमी पडतो. खुबा आखडलेला असेल, तर सगळा भार शेजाऱ्याच्या गळ्यात.

प्रयोगशाळेतले आकडे वाचताना इथेच सावध राहावं लागतं. मृतदेहातून काढलेल्या कण्याचं एक टोक पक्कं धरतात आणि दुसऱ्या टोकाला साधारण ७.५ न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे वाकवणारा जोर, देतात. बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर पीळ तेवढाच ठेवला, तर शेजारच्या सांध्याची हालचाल फारशी बदलत नाही. पण बांधलेल्या कण्यानेही पूर्वीइतकंच एकूण वाकलं पाहिजे अशी अट घातली, की बांधलेल्या भागाचे अंश शेजाऱ्याला द्यावेच लागतात. निकाल अटीतच लिहिलेला असतो. त्यामुळे ‘रॉडमुळे शेजारच्या मणक्याची हालचाल इतके टक्के वाढते’ असं कुणी ऐकवलं, की पहिला प्रश्न विचारायचा: पीळ सारखा ठेवला होता की वाकणं? जिवंत माणसाच्या वाकून-झुकून काढलेल्या एक्स-रेमध्येही एकमत नाही. काही अभ्यासांत वरच्या सांध्याची हालचाल वाढलेली दिसते, काहींत नाही.

गादीतला दाब मात्र जास्त बोलका आहे. बांधलेल्या भागाच्या लगतच्या गादीत, विशेषतः पुढे वाकताना, दाब वाढतो, हे वेगवेगळ्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फॅसेट सांध्यांवरचा, म्हणजे दोन मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्यांवरचा, भारही वाढतो. सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदूच सरकतो, म्हणून अंश तेवढेच राहिले तरी घासण्याची जागा बदलते. नुसते अंश मोजणारा अहवाल हे सांगत नाही.

दवाखान्यात याचे दोन वेगळे हिशोब ठेवतात, आणि रुग्णाने तो फरक समजून घ्यायलाच हवा. एक, एमआरआयवर शेजारची गादी काळी पडलेली, खाली बसलेली दिसणं. दोन, त्यामुळे खरोखर पाय दुखणं, चालता न येणं. पहिलं खूप जणांना होतं आणि त्यातल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. दुसरं कमी. कमरेच्या २१५ रुग्णांच्या २००४ सालच्या एका बहुचर्चित अभ्यासात, शेजारच्या पातळीवर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल इतका त्रास पाच वर्षांत सुमारे १६.५ टक्के आणि दहा वर्षांत सुमारे ३६ टक्के रुग्णांना होईल असा अंदाज निघाला. पण हे सगळं रॉडच्या नावावर खपवता येत नाही. ज्याची एल४-एल५ ची गादी पन्नाशीत गेली, त्याची एल३-एल४ ची गादीही त्याच वयाची, त्याच घराण्यातली आणि तेच ओझं उचललेली असते. ती एरवीही झिजलीच असती. रॉड त्या झिजेला घाई करतो, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

सेटवर गुण कुठे कापले जातात, ते आता. बहुतेक दोष धातूत नसून बसवण्यात आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे कमरेचा बाक सपाट करून ठेवणं. कमरेला आत वळलेला जो बाक असतो, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश एकट्या एल४ ते एस१ या भागात असतो. म्हणजे बांधायची जागा आणि बाकाची जागा एकच. रुग्णाला टेबलावर पालथं घालताना गुडघे पोटाशी घेतले, तर बाक सपाट होतो आणि मागची जागा उघडते. नस मोकळी करायला ते सोयीचं असतं, पण त्याच अवस्थेत सेट स्क्रू आवळले की सपाटपणा कायमचा झाला. उभं राहताना या माणसाचं धड पुढे झुकतं. सरळ नजर ठेवण्यासाठी तो एल३-एल४ आणि वरचे सांधे मागे ताणून धरतो, त्याने भागलं नाही तर ओटीपोट मागे फिरवतो, शेवटी गुडघे किंचित वाकवून चालतो. एल३-एल४ चे फॅसेट सांधे दिवसभर एकमेकांवर दाबलेले राहतात. हॅरिंग्टन रॉड या जुन्या रचनेच्या काळात, जिथे रॉड ताणून बसवायचा असे, हाच सपाट पाठीचा त्रास मोठ्या प्रमाणावर दिसला होता. धडा तेव्हाचाच आहे.

म्हणून खुबे सरळ राहतील अशा टेबलावर झोपवणं, रॉडला बेंडरने आधीच बाक देणं, केज शक्य तितका पुढच्या बाजूला बसवणं आणि शेवटी मागून स्क्रू एकमेकांकडे दाबून, मगच आवळणं, हा क्रम महत्त्वाचा. दाबल्याने बाक वाढतो, ताणल्याने कमी होतो. शस्त्रक्रियेआधी उभ्याने काढलेल्या पूर्ण कण्याच्या एक्स-रेवर ओटीपोटाचा कोन (पेल्व्हिक इन्सिडन्स) मोजतात. तो माणसागणिक ठरलेला असतो, मोठेपणी बदलत नाही. कमरेचा बाक त्या कोनाच्या १० अंशांच्या आत असावा. फरक त्याहून जास्त ठेवून शिवलं, तर शेजारच्या पातळीवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढलेला दिसला आहे. या एका कसोटीसमोर रॉड कोणत्या कंपनीचा हा प्रश्न गौण आहे.

दुसरा दोष मिलिमीटरचा आहे. एल४ चा स्क्रू जिथून आत शिरतो, त्याला अगदी लागून वर एल३-एल४ चा फॅसेट सांधा असतो. स्क्रू थोडा आतून आणि वरून घातला किंवा शेवटचे दोन फेरे जास्त दिले, की त्याचं डोकं त्या सांध्यावर चढतं. बांधायचा नव्हता तो सांधा आता प्रत्येक हालचालीला धातूवर घासतो. प्रवेशाची जागा बाहेरच्या बाजूला, आडव्या फांदीच्या मुळाशी घ्यायची. छिद्र पाडून प्रोबने वाट काढायची, गोल टोकाच्या तारेने चारही भिंती आणि तळ चाचपायचा, स्क्रूपेक्षा अर्धा ते एक मिमी बारीक आटे पाडायचे आणि डोकं मोकळं फिरत असतानाच थांबायचं. डोकं हाडात रुतवलं की ते फिरत नाही, मग रॉड जबरदस्तीने बसवावा लागतो आणि तो ताण स्क्रूवर कायम राहतो. त्वचेतून छोट्या छेदांनी घातलेल्या स्क्रूंचा गवगवा बराच आहे. स्नायू वाचतात हे खरं, पण सांधा डोळ्यांना दिसत नाही, सगळी मदार सी-आर्मच्या (टेबलाशेजारच्या एक्स-रे यंत्राच्या) चित्रावर. तिथे ही चूक सहज होते. रॉडचं वरचं टोकही पाहावं. स्क्रूच्या डोक्याबाहेर चार-पाच मिमी पुरेत. बोटभर मोकळा रॉड वर काढून ठेवला, तर मागे झुकताना तो शेजारच्या सांध्यावर टोचतो.

तिसरा: नस मोकळी करताना एल३ आणि एल४ च्या मागच्या काट्यांमधले (पाठीवर हाताला लागणाऱ्या हाडांच्या टोकांमधले) अस्थिबंध तोडणं. बांधलेल्या भागात ते तुटले तर बिघडत नाही, तिथे रॉड आहे. वरच्या जोडीत पुढे वाकण्याला लगाम घालणारे तेच असतात. लगाम कापला आणि खाली कडक खुंटा ठोकला, तर एल३ हळूहळू पुढे घसरतो. एक्स-रेवर ३ मिमीहून जास्त घसरण दिसली की प्रकरण सुरू झालं असं समजावं.

चौथ्याबद्दल थोडक्यात. केज जितका उंच तितकी नस मोकळी, हा मोह वाईट. एल४-एल५ मधलं अंतर प्रमाणाबाहेर फाकवलं, तर वरच्या पातळीची झीज वाढलेली आढळली आहे.

रॉडच्या जाडीबद्दल विक्रेते फार बोलतात, म्हणून एक हिशोब. रॉडचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. त्याच धातूचा ५.५ ऐवजी ६ मिमी रॉड घेतला, तर जाडी ९ टक्के वाढते आणि कडकपणा सुमारे ४२ टक्के. ४.७५ मिमीचा रॉड ५.५ च्या तुलनेत जेमतेम ५६ टक्के कडक. धातूचा फरकही मोठा: टायटॅनियम मिश्रधातूचा लवचीकता गुणांक (जितका मोठा तितका धातू कडक) सुमारे ११० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमचा त्याच्या दुप्पट. एका पातळीसाठी ५.५ चा टायटॅनियम रॉड पुरतो. कोबाल्ट-क्रोम पाठीचा मोठा वाक सरळ करायला ठेवावा. एल४-एल५ ला तो सुचवला जात असेल, तर कारण विचारावं. एमआरआयमध्येही कोबाल्ट-क्रोम जास्त काळी सावली टाकतो, आणि शेजारच्या नसा पाहायच्या असतात तेव्हाच ती आड येते.

मग लवचीक रॉड घ्यावा का? याच आशेवर आख्खी बाजारपेठ उभी राहिली. पीक या प्लास्टिकचा रॉड घ्या: त्याचा गुणांक ३ ते ४ गिगापास्कल, टायटॅनियमच्या तिसाव्या भागाच्या आसपास. वाटतं की शेजारी सुखी होणार. पण स्क्रू, केज आणि रॉड मिळून जी चौकट तयार होते, ती पीक रॉडनेही सांध्याला इतकी जखडते की शेजारच्या सांध्याला फरक जाणवेलच असं नाही. हाडावरचा ताण थोडा कमी होतो, एवढं त्याच्या बाजूने बोलता येईल. एक्स-रेवर तो दिसत नाही, म्हणून तुटला की कळायला उशीर होतो.

डायनेसिस ही १९९४ पासून माणसांत वापरलेली रचना: टायटॅनियमचे स्क्रू, त्यांमधून ओवलेली पॉलिस्टरची दोरी आणि भोवती पॉलीकार्बोनेट युरेथेनची नळी. हाड जुळवायचं नाही, हालचाल थोडी राखायची, हा मूळ विचार. कागदावर सुंदर. प्रत्यक्ष चाचण्यांत पुढे वाकताना आणि बाजूला झुकताना ती जवळजवळ कडक रॉडइतकीच अडवते असं दिसलं, म्हणजे शेजाऱ्याला वाचवण्याचं मुख्य आश्वासनच डळमळतं. शिवाय हाड जुळत नसल्याने स्क्रूंना कधीच सुट्टी मिळत नाही. आयुष्यभर हलत राहून ते ढिले होण्याची तक्रार जुनीच आहे. अमेरिकेत २००४ मध्ये तिला परवानगी मिळाली तीही हाड जुळवण्याच्या शस्त्रक्रियेला पूरक म्हणून. लवचीकतेच्या नावाने जास्त पैसे मोजायला आमचं मन धजत नाही.

वरच्या मोकळ्या पातळीवर दोन काट्यांमध्ये एक पाचर बसवून ठेवण्याची पद्धतही आहे, तिला टॉपिंग-ऑफ म्हणतात. कडक भागातून एकदम मोकळ्या भागात जाण्याऐवजी मध्ये एक पायरी. कल्पना तर्काला धरून आहे, पण पाचरीच्या वरचा सांधा आता नवा शेजारी होतो. प्रश्न एक मजला वर चढला.

कृत्रिम गादी हा यातला खरा वेगळा पर्याय, कारण ती हालचाल टिकवते. अमेरिकेत कमरेसाठी शारिटे २००४ मध्ये आणि प्रोडिस्क-एल २००६ मध्ये मंजूर झाली. शेजारच्या पातळीच्या बाबतीत तिचे गुण रॉडपेक्षा बरे. अडचण अशी की ती फार थोड्यांना बसते. फॅसेट सांधे झिजलेले, मणका घसरलेला, हाडं ठिसूळ, यांतलं काहीही असलं तर नाही. आणि एल४-एल५ चा साठीचा रुग्ण यांतलं किमान एक घेऊन येतोच. ती पोटाच्या बाजूने, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून बसवतात. पुन्हा काढायची वेळ आली तर त्याच वाटेने, चिकटलेल्या रक्तवाहिन्यांतून जावं लागतं.

वापरणाऱ्याच्या बाजूचे मुद्दे. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची सवय आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत त्याचा पत्ता नसतो. मांडी घालून बसलं की ओटीपोट मागे फिरतं आणि कमरेचा बाक निघून जातो. बांधलेला भाग सपाट होऊ शकत नाही, मग वाकण्याचा सगळा वाटा एल३-एल४ उचलतो. उकिडवं बसून कपडे धुणं, विळीवर भाजी चिरणं, शेतात खुरपणं, भारतीय बैठकीचा संडास, या सगळ्यांत हेच. एका पातळीच्या शस्त्रक्रियेनंतर हाड जुळल्यावर मांडी घालून थोडा वेळ बसणं बहुतेकांना जमतं. एल४-एस१ बांधल्यावर ओटा, खुर्ची, पाट उंच करणं आणि कमोड हेच शहाणपणाचं. पहिले सहा ते बारा आठवडे वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं टाळायचं. नंतर खाली पडलेली वस्तू खुब्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायची. फिजिओथेरपीत कंबर वाकवण्याचे व्यायाम कमी आणि खुबा मोकळा करण्याचे जास्त असावेत. कंबरपट्टा महिनोन्‌महिने बांधून ठेवल्याने शेजारचा मणका वाचत नाही, पाठीचे स्नायू तेवढे सुस्तावतात.

तंबाखू, गुटखा, सिगारेट हाड जुळू देत नाहीत, म्हणून त्यांबद्दल डॉक्टर विचारतात. मिश्री मात्र कुणी विचारत नाही आणि घरची मंडळीही तिला तंबाखूत धरत नाहीत. निकोटीन तिच्यातही आहे. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि हाड जुळेपर्यंत ती बंद हवी. पन्नाशीपुढच्या बायकांची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणीही आधीच व्हावी. तिच्यातला टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.५ च्या खाली असेल, तर स्क्रूची पकड हाडात नसून नशिबात असते. तिथे सिमेंट भरायचे भोकांचे स्क्रू किंवा आधी हाडाचं औषध, असा विचार करावा लागतो.

शेजाऱ्याने कुरकुर सुरू केली हे कसं ओळखावं? एल४-एल५ च्या त्रासात दुखणं बहुधा पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्याकडे जात असे. एल३-एल४ बिघडला की बहुधा एल४ ची नस दबते: मांडीचा पुढचा भाग, गुडघा, नडगीची आतली बाजू. जिना चढताना गुडघा दगा देतो, गुडघ्याची झटक्याची प्रतिक्रिया मंदावते. अशा रुग्णाचा गुडघ्याचा एक्स-रे काढून ‘संधिवात’ म्हणून गोळ्या देण्याचा प्रकार सर्रास होतो. पाचशे पावलं चालल्यावर मांड्या जड होतात आणि बसलं की मोकळं वाटतं, तर ते गुडघ्याचं नाही, कमरेचंच आहे. स्क्रूभोवती काळी कडा दिसते का आणि हाड जुळलं का, हे वर्षभराने सीटी स्कॅनवर कळतं. वाकून आणि झुकून काढलेला एक्स-रे वरच्या सांध्याची घसरण दाखवतो. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये ती लपू शकते.

घेताना एक कागद मात्र अडून मागून घ्यावा. प्रत्येक स्क्रू आणि रॉडच्या पाकिटावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं. त्याची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी एल३ पर्यंत वाढवायची वेळ आली, तर सेट स्क्रू उघडायला त्याच कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, कारण प्रत्येकाची खाच वेगळी. नवा रॉड ५.५ चा आणि जुना ६ चा निघाला, तर जोडायला वेगळा कनेक्टर मागवावा लागतो. स्टिकर नसेल, तर हे सगळं पाठ उघडल्यावर, टेबलावरच शोधत बसावं लागतं.